वेणूबाईच्या चोळीचे कागद

चंदरला कुणी ‘नाखवा’ म्हणून हाक मारली, की तो आधी मागे वळून बघायचा. आपल्या पाठीशी कुणीतरी खरा नाखवा उभा असणार, अशी त्याची खात्री असायची. सारं आयुष्य दर्यावर गेलं, पण होडीवर त्याने कधी आवाज चढवला नाही. आता उतारवयात तो किनाऱ्यावर बसून जाळी सांधायचा आणि दुपारी वाचनालयातून आणलेलं पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचायचा. पुस्तकात लिहिलेलं ते बरोबर आणि आपल्याला वाटलं ते बहुधा चूक, असा त्याचा एकूण हिशेब होता.

त्याची बायको वेणूबाई म्हणजे दुसरं टोक. बंदरावर होड्या लागल्या की तिचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मागाहून ती दिसायची. कोळंबीच्या टोपल्या तोलताना एखाद्या व्यापाऱ्याने काट्याखाली हळूच पायाचा अंगठा लावला, तर ती साऱ्या बंदराला बोलावून त्या अंगठ्याचं दर्शन घडवायची. तिला कमी माप देऊन कुणी सुखाने घरी गेला, असं त्या कोळीवाड्यात कुणाला आठवत नव्हतं.

मागच्याच्या मागच्या वर्षी मुंबईत तिचं ऑपरेशन झालं. छातीतली गाठ वाईट निघाली; डावी बाजू काढून टाकावी लागली. जीव वाचला. डॉक्टरांनी भीती नाही म्हणून सांगितलं. वेणूबाई घरी आली, पण आवाज तेवढा मुंबईतच विसरून आल्यासारखी. ढगळ मॅक्सी, वरून ओढणी, आणि कुणी आलं की दाराआडूनच बोलणं. दिवेआगरच्या बाजारातली तिची जागा धाकट्या जावेने, केसरने, सांभाळून ठेवली होती. “वयनी, कदी येता?” असं केसर विचारायची, आणि वेणूबाई म्हणायची, “बघू.”

अशात मुलाचं, विनेशचं, लग्न ठरलं.

त्यांच्या घराण्यात हळदीच्या दिवशी वरमाय पाण्याची घागर आणते. विहिरीवर घागर भरायची, ती डोक्यावर घ्यायची, एका हाताने धरायची आणि बाजाच्या पुढे नाचत मांडवात यायचं. त्या पाण्याने नवरदेवाची आंघोळ. सगळ्या करवल्या, जावा, नणंदा एका रंगात. त्यासाठी मुंबईहून पोपटी कापडाचा अख्खा तागा आला होता आणि जिच्या तिच्या चोळ्या शिंप्याकडे गेल्याही होत्या. वेणूबाईचा तुकडा मात्र घडी घातलेला कपाटात पडून होता.

“बोर्लीच्या शिंप्याकडं जाऊन येऊ का?” चंदरने एकदा भीत भीत विचारलं.

“कुनाचा टेप माज्या अंगाला लागता कामा न्हाय,” वेणूबाई म्हणाली. विषय संपला.

संध्याकाळी केसर आली. मनाने चांगली बाई. ती म्हणाली, “वयनी, तुमी पाटावर निवांत बसा. हात दुकतो तुमचा. घागर मी घेते.”

“घे बाय,” वेणूबाई म्हणाली.

चंदर जेवत होता. घास त्याच्या हातातच राहिला. ही बाई एके काळी विहिरीवर आपला नंबर कुणाला देत नसे, आणि आज मुलाच्या हळदीची घागर तिने एका शब्दात देऊन टाकली. आज घागर सुटली, तर ही पुन्हा दाराबाहेर येणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. पण त्याने हातातला घास तोंडात घातला. आपल्या मनाने घेतलेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास कुठे होता!

मार्ग काढला तो मुलीने. कल्पिता नव्या मुंबईत नोकरीला होती, शिवणाचा क्लास केलेली होती. सुट्टीला आली तेव्हा तिने आईला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि घरातल्याच टेपने मापं घेतली. उजवीकडची वेगळी, डावीकडची वेगळी. बाहेर ओटीवर बसलेल्या चंदरला आतून एकदा वेणूबाईचं हसू ऐकू आलं. कल्पिताच्या थंड बोटांनी गुदगुल्या झाल्या असाव्यात.

“बाबा, इंटरनेटवर मापं भरायची,” कल्पिताने समजावलं. “दोन्ही बाजू वेगळ्या असल्या तरी चालतं. ते आपल्याला चोळीचं पेपर कटिंग पाठवतात, आईच्या अंगाबरहुकूम. डाव्या बाजूला आतून कापसाच्या उशीसाठी कप्पासुद्धा आहे. आपण फक्त कागद छापायचे, एकमेकांना चिकटवायचे आणि कापायचे. कुठला शिंपी नको न् काही नको.”

“एवढी मोठी चोळी कागदावर मावती?”

“म्हणून तर खूप कागद. लाद्या कशा जोडतो, तसे जोडायचे.”

कटिंग आलं ते तिच्या फोनवर, ती नोकरीवर परत गेल्यानंतर. ऑफिसात छापावं, तर आईच्या चोळीचे कागद बघायला सगळा मजला गोळा झाला असता. तिने ते बापाच्या फोनवर धाडलं. “म्हसळ्याला जाऊन काढून आणा. बाबा, नीट ऐका. पहिल्या पानावर एक चौकोन आहे, दहा सेंटिमीटरचा. आधी तेवढंच पान काढायला सांगा. पट्टीने मोजा. चौकोन बरोबर भरला, तरच बाकीची पानं काढायची.”

चंदरने हे दोनदा लिहून घेतलं आणि सकाळच्या एसटीने म्हसळ्याला गेला.

तहसीलच्या रस्त्यावर सदाचं झेरॉक्सचं दुकान होतं. उताऱ्यांच्या, दाखल्यांच्या, प्रतिज्ञापत्रांच्या नकला काढायला तिथे माणसांची रीघ. चंदर बराच वेळ बाजूला उभा राहिला. त्याच्या मागून आलेले चौघे-पाचजण काम करून गेलेही. शेवटी सदाचंच लक्ष गेलं.

“काका, सावलीला उभे आहात का काही काढायचंय?”

चंदरने फोन पुढे केला. सदाने फाईल उघडली. लांबच लांब वळणदार रेघा, बाण, तुटक खुणा.

“बापरे. काय हो हे, बंगल्याचा नकाशा?”

दुकानात दहा पुरुष उभे. बायकोच्या चोळीचे कागद आहेत, हे शब्द चंदरच्या घशात आले आणि परत गेले. “व्हय,” तो म्हणाला. “नकाशाच.”

मग खिशातला कागद काढून त्याने हळू आवाजात वाचून दाखवलं: आधी पहिलं पान, मूळ आकारात, कमी-जास्त न करता. सदा भला माणूस. त्याने तसं केलं. चंदरने पट्टी लावली. चौकोन दहा म्हणजे दहा. आडवाही, उभाही. त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने पट्टी पुन्हा एकदा लावून बघितली.

तेवढ्यात एक गृहस्थ घामाघूम होऊन आत घुसले. साहेब जेवायला उठायच्या आत त्यांना उतारा जोडायचा होता. “काका, दोन मिनिटं,” म्हणत सदाने त्यांचं काम हातात घेतलं, नंतर आणखी एकाचं, आणि मग चंदरची उरलेली सगळी पानं एका दमात काढून, टाचणी लावून हातात ठेवली. हीही मोजावीत का, असं चंदरच्या मनात आलं होतं. पण त्यांवर चौकोन नव्हता, मागे माणसं ताटकळली होती, आणि पहिलं बरोबर आहे तर बाकीची कशाला चुकतील? तो कागद छातीशी धरून एसटीत बसला.

जोडकाम त्यानेच अंगावर घेतलं. जाळी सांधणारी बोटं. कागद चिकटवणं म्हणजे खेळच. ओटीवर चादर पसरून तो बसला. प्रत्येक पानाभोवती एक चौकट होती आणि चौकटीला चौकट भिडवायची होती. पानं एकमेकांना छान भिडली. पहिलं पान तेवढं शेजारच्या पानांहून जरासं लांब पडायला लागलं. नखाएवढंच.

आता जाळ्याच्या कामात असं नेहमीच होतं. दोन तुकडे जोडताना एकाची कड लांब निघते, दुसऱ्याची आखूड. त्याने कुणी जाळं टाकून देत नाही. फरक सगळ्या कडेवर थोडा थोडा वाटून टाकायचा, इथे एक चुणी, तिथे एक चुणी. पाण्यात गेलं की जाळं आपसूक सारखं होतं. चंदरच्या हातांना हे इतकं सवयीचं होतं, की त्याने विचारही केला नाही. पहिल्या पानाच्या कडेला बारीक बारीक चुण्या देत त्याने ते शेजारच्या पानांत सफाईने मुरवून टाकलं. कागद काही पाण्यात जाणार नव्हता, हे त्याच्या हातांना कोण सांगणार?

शनिवारी कल्पिता आली. बापाचं काम बघून खूश झाली. पोपटी कापडाला हात लावण्याआधी तिने मांजरपाटाची चोळी बेतली, कच्ची शिवली आणि आईला घेऊन आतल्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने आतून कल्पिताचा आवाज आला. “आये, हात वर कर बघू.”

“न्हाय व्हत.”

“थोडा अजून.”

“काकंत रुततंय गो. फुडून बटनं बी लागंनात. सोड.”

“थांब, मी पुन्हा मापं बघते.”

कल्पिताने सगळी मापं पुन्हा घेतली. एकही चुकलेलं नव्हतं. इंटरनेटवर भरलेले आकडे ताडून पाहिले, तेही बरोबर. चोळी मात्र सगळीकडून थोडी थोडी कमी होती. खांद्यात कमी, मुंढ्यात कमी, कमरेलाही कमी. कुठे एका जागी चूक असती, तर बोट ठेवता आलं असतं.

वेणूबाई मॅक्सी चढवून बाहेर आली. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. “मापं बरोबर, कागद बरोबर, शिवन बरोबर,” ती शांतपणे म्हणाली. “मंग चुकलं कोन? माजं अंगच चुकलं. त्या मशीनला पन कळलं, ह्या बाईला चोळी न्हाय बसायची.”

“आये, असं काय बोलतेस?”

“केसरला सांगून ठेव. घागर तिची.”

कल्पिताला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. ती डोळे पुसत गेली. हळद पुढच्या आठवड्यात होती.

चंदरला खात्रीच होती, की चुकलं असेल तर आपलंच. रविवारचा सगळा दिवस तो त्या खात्रीत बुडून राहिला. सोमवारी दुपारी वेणूबाई आत पडली होती तेव्हा त्याने कागदाचा गठ्ठा बाहेर काढला. कल्पिताने कापताना बाजूला टाकलेल्या पट्ट्याही त्याने जपून ठेवल्या होत्या. आपण कुठे माती खाल्ली ते एकदा बघावं आणि मग गप्प बसावं, एवढाच त्याचा विचार होता.

तुकडे परत जागच्या जागी लावताना बोटांना त्या चुण्या लागल्या. पहिल्या पानाच्या चुण्या. त्याने पाणी लावून हलक्या हाताने ते पान सोडवलं, सुकवलं, सपाट केलं. मग दुसऱ्या एका पानावर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले.

दोन्ही पानांना एकाच मापाची चौकट हवी होती. पण खालची चौकट वरच्या चौकटीच्या आत बसली होती. चारी बाजूंनी नखभर आत. त्याने तिसरं पान घेतलं. तेही आत. चौथं, तेही. बाकीची सगळी पानं आपसात सारखी, आणि पहिलं तेवढं मोठं.

म्हणजे एक तर पहिलं पान फुगलं होतं, नाही तर बाकी सगळी आकसली होती. चंदर खाली बसला. नेहमीसारखं त्याचं मन म्हणालं, एवढी सगळी पानं एका बाजूला आणि एकटं पान दुसऱ्या बाजूला, तर चूक एकट्याचीच असणार. पण चौकोन होता त्या एकट्या पानावर. आणि चौकोन दहा होता. त्याने पट्टी आणली. चौकोन अजूनही दहाच होता.

एकटं पान बरोबर होतं. बाकी सगळी चूक होती.

कल्पिताला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. “बाबा, साईझ तुम्हीच मोजली होती ना? आता राहू दे. आईला अजून त्रास नको.” फोन बंद झाला. एरवी चंदरने तो शब्द शेवटचा मानला असता. आज त्याने कागद उचलले आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“वेणू.”

“काय?”

“जरा बाहेर ये. तोलाचं काम हाय.”

“कसला तोल?”

“माज्यानं न्हाय सांगता येत. तू बघ.”

ती कुरकुरत खिडकीपाशी आली. त्याने पहिलं पान तिच्या हातात दिलं, त्याखाली दुसरं, आणि दोन्ही उजेडाकडे धरायला लावली. “ह्यो वरचा मी सोता मोजला. दहा सेंटिमीटर. खालचा बघ.”

वेणूबाईने बघितलं. डोळे बारीक केले. पान खालीवर करून पुन्हा बघितलं. मग एकेक करून सगळी पानं त्या पहिल्या पानाखाली घालून पाहिली, न बोलता, बाजारात टोपलीतली पापलेटं उलटून बघावीत तशी.

“ह्ये समदे बारीक हायत,” ती म्हणाली.

“व्हय.”

“म्हंजे चोळी बारीक झाली, ती ह्यामुळं?”

“व्हय. तुजं अंग न्हाय चुकलं, वेणू. कागद चुकले. आनि माज्या चुण्यांनी ती चूक झाकली.”

आणि दोन वर्षं मुंबईत पडून असलेला तो आवाज एकदम घरी आला.

“मला कमी माप दिलं?” तिने असा सूर लावला, की शेजारच्या आवारात सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले. “मला? वेणूला? कोन तो मुडदा? कुटं त्याचं दुकान?”

“म्हसळ्याला. पन अगो, तो भला मानूस हाय...”

“भल्याला दावते मी! आनि तुमी? चुण्या घातल्या? कागदाला? जाळं हाय काय ते?” ती ओरडत होती आणि ओरडता ओरडता ओढणी खांद्यावर घेत होती. “चपला कुटं माज्या? चला. आत्ताच्या आत्ता चला.”

“आत्ता एसटी न्हाय.”

“मंग रिक्षा करा. बसून काय ऱ्हायलांव!”

कोळीवाड्याने ते दृश्य आपापल्या दारांतून पाहिलं. पुढे वेणूबाई, मॅक्सीवर, ताठ. मागे कागदांची गुंडाळी घेतलेला चंदर. केसर धावत आली. “वयनी, कुटं?” “भांडायला,” असं उत्तर आलं, आणि केसरच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला, की तिचं तिलाच हसू फुटलं.

सदाच्या दुकानात दुपारची गर्दी होती. वेणूबाईने ती होडीने पाणी कापावं तशी कापली.

“सदा तूच काय रं?”

“हो मावशी. काय काढायचंय?”

“तुजा काटा तपासायचा हाय.”

सगळे वळले. सदा गोंधळला. त्याला चंदर दिसला आणि ओळख पटली. “अरे, नकाशेवाले काका! झाला का बंगला?”

“कसला बंगला?” वेणूबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

चंदरच्या कानशिलांतून धग निघत होती. दुकान भरलेलं होतं. तहसीलचे दोन शिपाई, एक वकील, एक पेन्शनर जोडपं, कुणी कुणी. तो कधी एवढ्या लोकांसमोर बोलला नव्हता. पण बायको पुढे उभी होती आणि ओढणी तिच्या खांद्यावर होती. छातीवर घ्यायची ती विसरली होती. चंदरने गुंडाळी टेबलावर सोडली.

“नकाशा न्हाय,” तो म्हणाला, आणि आपला आवाज एवढा मोठा निघालेला पाहून त्यालाच नवल वाटलं. “मी खोटं बोललो. ही माज्या बायकोची चोळी हाय. तिचं ऑपरेशन झालंय, म्हनून मापानं काडायची व्हती. तुमी काडलेलं पयलं पान खरं हाय. बाकीची समदी बारीक निघाली. ह्ये बघा.”

दुकानात कुणी हसलं नाही. पेन्शनर बाईंनी पुढे होऊन पानं बघायला हात केला. सदाने चष्मा डोळ्यांवर ओढला, पानांवर पान धरलं, दिव्याकडे केलं.

“असं कसं होईल? माझ्याकडचा एक कागद आजवर तहसीलातून परत आला नाही.”

“तहसीलदार चोळी घालतो काय?” वेणूबाईने विचारलं.

आता मात्र दुकान हसलं, शिपाई सगळ्यांत मोठ्याने. सदाही हसला, आणि हसता हसता थबकला. त्याने कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली, छपाईची खिडकी काढली आणि कपाळावर हात मारला.

“फिट,” तो म्हणाला. “फिटवर आहे.”

“म्हंजे?”

“मावशी, आमच्याकडे सरकारी कागद. कडेची एक ओळ जरी कापली गेली, तरी माणूस हेलपाटा मारून परत येतो. म्हणून मी मशीनला कायमचं सांगून ठेवलंय, की येईल ते चारी बाजूंनी जरा आत घे, काही कापू नकोस. काकांचं पहिलं पान मी मूळ आकारात काढलं. मध्ये उताऱ्याचं काम आलं. त्यानंतर मशीन आपल्या सवयीवर गेलं आणि मी बघितलंच नाही.” तो चंदरकडे वळला. “माझं चुकलं, काका. आणि तुम्ही आलात ते बरं केलंत. असे ड्रेसवाले कागद माझ्याकडून गेल्या महिन्यातही दोघी मुली घेऊन गेल्या. त्यांची काय गत झाली असेल!”

“त्यांना आमच्यासारकं मानूस भेटलं नसंल,” वेणूबाई म्हणाली. आमच्यासारकं म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही, पण चंदरच्या पाठीवर तिचा हात होता.

सदाने ‘फिट’ काढून ‘मूळ आकार’ केला. या वेळी पान मशीनमधून बाहेर आलं, की वेणूबाई ते पहिल्या पानावर ठेवायची, उजेडाला धरायची आणि म्हणायची, “बरोबर. फुडला.” लोक आपापली कामं विसरून बघत होते. तिसऱ्या की चौथ्या पानापासून सगळं दुकानच तिच्याबरोबर “बरोबर!” म्हणायला लागलं. साहेबांची कचेरीतून उठायची वेळ होत आली, पण वकीलसुद्धा जागचे हलले नाहीत.

घरी येऊन चंदरने पानं जोडली. या खेपेला सगळी बिनबोभाट भिडली; एकही चुणी लागली नाही. कल्पिताने फोनवर ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “आई स्वतः गेली? म्हसळ्याला?” दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून आली. मांजरपाटाची नवी चोळी बेतली, शिवली आणि आईला आत नेलं.

“आये, हात वर कर.”

चंदर ओटीवर जाळ्यात सुई घालून बसला होता, सुई थांबली. दार उघडलं. वेणूबाई दारात उभी होती, पांढऱ्या मांजरपाटाच्या चोळीत, ओढणीशिवाय. दोन्ही हात सरळ वर, आढ्याकडे. डावाही.

“आता खाली कसे घेऊ?” ती म्हणाली. “खाली घ्यावंसंच वाटत न्हाय.”

पोपटी कापड त्याच दिवशी कापलं गेलं.

हळदीच्या दिवशी ऊन उतरल्यावर बायका विहिरीकडे निघाल्या. बाजावाल्यांनी ताशा तापवून ठेवला होता. गाणारी आवडाबाई पुढे होती. तिचं वय झालेलं, पण गळा अजून शाबूत. केसरने घागर भरली आणि ती कुणाकडे द्यायची हे विचारण्यासाठी मागे पाहिलं, पण तिला विचारावं लागलंच नाही. पोपटी चोळी घातलेली, नऊवारी नेसलेली वेणूबाई चुंबळ डोक्यावर ठेवून समोर उभीच होती.

“डाव्या हातानं धरू नका हां वयनी,” केसर घागर चढवताना पुटपुटली.

“तू घागर ठेव, हात माजे हायत,” वेणूबाई म्हणाली, आणि डावा हात वर करून घागरीचा गळा पकडला.

चोळी कुठे ताणली नाही, कुठे उचलली गेली नाही. खांद्यावर, काखेत, कमरेवर ती अशी बसली होती, की तिच्याकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. ताशा कडाडला. वेणूबाईने पहिलं पाऊल टाकलं, जरा जपून. दुसरं टाकलं. मग कमरेला एक झोका दिला, आणि घागरीतल्या पाण्याचा एक थेंबही हलला नाही. बायकांनी आरोळी ठोकली.

वाट मुद्दाम लांबवली गेली. नेहमीची गल्ली सोडून वेणूबाईने मिरवणूक देवळावरून वळवली, मग बंदरावरून. होड्यांवरच्या माणसांनी टोप्या हलवल्या. मांडव दिसू लागला तसा तिने घागरीवरचा हात सोडला. केसरने डोळे मिटले. घागर डोक्यावर तशीच राहिली, आणि वेणूबाईचे दोन्ही हात बाजूला पसरून तालावर फिरायला लागले. पाटावर बसलेला विनेश ताडकन उठून टाळ्या वाजवायला लागला.

“अगो वेणू, चोळी कुटं शिवलीस?” आवडाबाईने गाणं मध्येच सोडून ओरडून विचारलं. “कुटल्या टेलरकडं?”

“टेलर न्हाय, मी सोता मोजून घेतली!” वेणूबाई ओरडली. “बंदरावर मावरं घेते तशी!”

चंदर मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला नाचता येत नव्हतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. घागर कल्पिताच्या हाती देऊन वेणूबाई गर्दीतून थेट त्याच्याकडे आली, घामाने डवरलेली, धापा टाकत.

“अवो, नाखवा,” ती म्हणाली.

चंदरने मागे वळून पाहिलं नाही. ताशाची एक थाप पडली न पडली, तेवढ्यात तो खांब सोडून पुढे झाला आणि हात वर करून चुकीच्या तालावर, पण मनापासून नाचायला लागला. वेणूबाईने बाजावाल्यांकडे बघून हाक दिली, “अरं, वाजवा की जोरात! मढ्याला आलांव काय?”